रूळ कुणाच्या ताब्यात? धावत्या रेल्वेमार्गावर बांधकाम कसे केले जाते

कोल्हापुरातून रेल्वेने जाणाऱ्या-येणाऱ्यांना एक बातमी वर्षातून अनेकदा वाचावी लागते. अमुक दिवशी अमुक तासांचा ब्लॉक असल्याने एखादी एक्स्प्रेस मिरजेपर्यंतच धावणार, दुसरी उशिरा सुटणार आणि एखादी पॅसेंजर रद्द होणार, असा तिचा मजकूर असतो. पुणे–मिरज मार्गाचे दुहेरीकरण, विद्युतीकरण, स्थानकांचे नूतनीकरण, फाटकांच्या जागी भुयारी मार्ग अशी कामे गेल्या काही वर्षांत एकामागून एक येत राहिली आणि त्यांच्याबरोबर हे ब्लॉकही आले. वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतो. शहरातला रस्ता अर्धा खोदून उरलेल्या अर्ध्यावरून वाहतूक चालू ठेवता येते, मग रेल्वेलाच तास-तास गाड्या थांबवण्याची गरज का पडते? शिवाय, ब्लॉक तीन तासांचा असताना काम सव्वा-दीड तासच दिसते, ते का?

प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे यंत्रांपेक्षा एका व्यवहारात दडलेली आहेत. रुळाचा एखादा तुकडा या क्षणी कुणाच्या ताब्यात आहे, हे नि:संदिग्धपणे ठरवण्याचा तो व्यवहार होय.

रस्त्याचा न्याय रुळाला का लागू पडत नाही

रस्त्यावरच्या वाहनाचा चालक समोर खड्डा किंवा माणूस दिसला की चाक वळवतो. रेल्वेच्या चालकाला, म्हणजे लोको पायलटला, चाक वळवण्याची सोयच नसते. त्याच्या हाती वेग आणि ब्रेक एवढेच असते. त्यातही लोखंडी चाक लोखंडी रुळावर धावत असल्याने घर्षण कमी असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी डब्यांनी भरलेली गाडी तातडीचा ब्रेक लावूनही थांबायला साधारण एक किलोमीटर घेते. वळणावर, झाडीत किंवा पावसात चालकाला एवढ्या लांबचे दिसतच नाही. थोडक्यात, अडथळा दिसेपर्यंत थांबण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

म्हणून रेल्वे नजरेच्या भरवशावर चालत नाही, ती एका हमीवर चालते. ही हमी अशी की पुढचा ठरावीक टप्पा पूर्ण मोकळा आहे आणि तो या गाडीसाठी राखून ठेवलेला आहे. दोन स्थानकांमधल्या अशा टप्प्याला ब्लॉक विभाग म्हणतात. मिरज ते कोल्हापूर हा सुमारे ४७ किलोमीटरचा मार्ग एकेरी आहे. हातकणंगल्याहून रुकडीकडे गाडी सुटली की ती पलीकडे पूर्ण पोहोचेपर्यंत त्या टप्प्यात दुसरी गाडी सोडता येत नाही, मागूनही नाही आणि समोरूनही नाही.

जुन्या प्रवाशांनी एकेरी मार्गांवर ही हमी डोळ्यांनी पाहिलेली आहे. स्टेशन मास्तर एका मोठ्या कड्याला बांधलेल्या पिशवीतून धातूचा गोळा चालकाच्या हाती देत असे, आणि चालक आधीच्या टप्प्याचा गोळा परत करीत असे. दोन्ही स्थानकांवरची यंत्रे तारेने अशी जोडलेली असत की एका वेळी एकच गोळा बाहेर निघू शके. गोळा ज्याच्या हाती, मार्ग त्याचा. आज बहुतेक ठिकाणी गोळ्याची जागा विजेच्या यंत्रांनी आणि सिग्नलनी घेतली असली, तरी नियम तोच आहे.

ब्लॉक म्हणजे ताब्याची अदलाबदल

बांधकामासाठी घेतला जाणारा ब्लॉक म्हणजे हाच ताबा गाड्यांकडून काढून काही काळ कामगारांकडे देणे. नियमाचे मर्म एका वाक्यात सांगता येते : रुळाचा तुकडा एका वेळी गाड्यांच्या ताब्यात असेल किंवा कामगारांच्या, दोघांच्या कधीच नसेल, आणि कुणाच्याच नाही अशीही वेळ येता कामा नये.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मोटारीच्या वायरीत बिघाड झाला आणि खांबावर चढायचे असेल, तर अनुभवी वायरमन डीपीवरचा फ्यूज काढतो आणि तो तिथेच ठेवून न जाता खिशात घालून खांबावर चढतो. कारण ‘लाईट का गेली’ म्हणून पाहायला आलेला शेजारचा शेतकरी फ्यूज दिसला की तो बसवून मोकळा होईल. फ्यूज खिशात असेपर्यंत वीज कुणालाच सुरू करता येत नाही आणि ती सुरू करण्याचा अधिकार, ज्याचा जीव धोक्यात आहे, त्याच्याकडेच राहतो. रेल्वेच्या साऱ्या नियमपुस्तकाचा बराचसा भाग हा फ्यूज कुणाच्या खिशात आहे ते लिहून ठेवण्यासाठीच आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

प्रत्यक्षात ब्लॉक मिळतो तो असा. रुळांची देखभाल पाहणारा अभियंता, ज्याला जुने कर्मचारी अजूनही पीडब्ल्यूआय म्हणतात, तो काम, जागा आणि वेळ यांची मागणी आधीच नोंदवतो. ठरलेल्या दिवशी शेवटची गाडी त्या टप्प्यातून बाहेर पडल्याची खात्री झाल्यावर नियंत्रण कक्ष मंजुरी देतो, दोन्ही बाजूंचे स्टेशन मास्तर आपापली यंत्रे आणि सिग्नल अडकवून ठेवतात आणि मग लेखी संदेश दिला-घेतला जातो. हा संदेश दूरध्वनीवरून जात असेल, तर त्याबरोबर एक खासगी क्रमांक सांगावा लागतो. प्रत्येक स्टेशन मास्तराकडे अशा क्रमांकांची गोपनीय यादी असते आणि वापरलेला क्रमांक लगेच खोडला जातो. आज बँक आपल्या मोबाईलवर ओटीपी पाठवते ती युक्ती रेल्वेत मोबाईलच्या कितीतरी आधीपासून कागदावर चालत आली आहे. हेतूही तोच आहे : ‘मला वाटले तुम्ही हो म्हणालात’ या वाक्याला जागाच राहू नये.

तीन तासांत काम दीड तासच का होते

समजा, सकाळी ११ ते २ असा तीन तासांचा ब्लॉक जाहीर झाला. शेवटची गाडी दहा मिनिटे उशिरा गेली, तर ब्लॉकची सुरुवातच सव्वाअकराच्या पुढे जाते. त्यानंतर संदेशांची देवाणघेवाण होते, विजेच्या तारा बंद करून घेतल्या जातात, दोन्ही बाजूंना संरक्षणाची चिन्हे लावली जातात आणि यंत्र स्थानकातून कामाच्या जागी चालवत आणले जाते. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. शेवटीही तोच क्रम उलटा करावा लागतो. रूळ जोडणे, मोजणे, अवजारे गोळा करणे, माणसे मोजणे, यंत्र बाजूला नेणे आणि मार्ग गाडीसाठी योग्य असल्याचा दाखला लिहून देणे या सगळ्यालाही वेळ लागतो.

हा वेळ वाया गेलेला नसतो. धोक्याचे क्षण असतात ते ताबा हातातून हाती जाण्याच्या वेळेचेच.

ब्लॉकसाठी वेळ निवडण्याचे तर्कशास्त्र कोल्हापूरकरांना गुऱ्हाळावर पाहायला मिळते. काहील चुलवाणावर चढलेली असताना चुलवाणाची निखळलेली वीट बसवता येत नाही. एक आदण उतरून दुसरे चढेपर्यंतच्या वेळातच ते काम उरकावे लागते, तेही चुलवाण तापलेलेच असताना. ते उरकणार नसेल, तर पुढचे आदण चढवायचे नाही असे गुळव्याने आधीच सांगावे लागते. रेल्वेच्या वेळापत्रकातही दोन गाड्यांमध्ये देखभालीसाठी ठरवून मोकळी ठेवलेली फट असते. तिला कॉरिडॉर ब्लॉक म्हणतात. त्या फटीत न मावणाऱ्या कामासाठी गाड्या रद्द कराव्या लागतात किंवा अलीकडेच थांबवाव्या लागतात. कोल्हापूर हे शेवटचे स्थानक असल्यामुळे इथे गाडी दुसऱ्या मार्गाने वळवण्याचा पर्यायच नसतो. म्हणून मिरज–कोल्हापूर टप्प्यातल्या प्रत्येक मोठ्या ब्लॉकचा अर्थ शेवटी ‘मिरजेला उतरा’ असाच होतो.

परवानगी मिळालेली असताना लाल बावटा आणि फटाके कशाला

ताबा मिळाल्यावरही कामाच्या दोन्ही बाजूंना संरक्षण उभे करावे लागते. ब्रॉडगेज मार्गावर कामाच्या जागेपासून ६०० मीटरवर रुळावर आडवा लाल बावटा ताणतात आणि १२०० मीटरवर रुळाला तीन फटाके एकमेकांपासून सुमारे दहा-दहा मीटरवर अडकवतात. हे दिवाळीचे फटाके नव्हेत. ती चपटी डबी असते. चाक वरून गेले की ती मोठ्या आवाजात फुटते आणि चालकाला धुक्यातही कळते की पुढे थांबायचे आहे.

आता कुणी म्हणेल की गाडी येणारच नाही असे कागदावर ठरलेले असताना ही दुहेरी खबरदारी कशासाठी. ती अशासाठी की कागद माणसे लिहितात. किलोमीटरचा आकडा चुकीचा ऐकला जाऊ शकतो, दोन समांतर रुळांपैकी भलताच रूळ बंद केला जाऊ शकतो, घाईत कुणी ‘पाच मिनिटांचेच काम आहे’ म्हणून परवानगी येण्याआधीच पाना लावू शकतो.

१९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगर जिल्ह्यातील खतौलीजवळ उत्कल एक्स्प्रेस घसरली आणि २० हून अधिक प्रवाशांचा मृत्यू झाला. तिथे रुळाची दुरुस्ती चालू होती, पण रीतसर ब्लॉकही घेतलेला नव्हता आणि गाडीला रोखणारी चिन्हेही लावलेली नव्हती, असे समोर आले. गाडी मात्र आपल्या नेहमीच्या वेगाने, मार्ग मोकळा आहे या हमीवर विसंबून आली होती. रुळाचा तो तुकडा त्या क्षणी गाडीच्याही ताब्यात होता आणि कामगारांच्याही.

गाडी दिसली की बाजूला होता येणार नाही का

हा आक्षेप रुळांजवळ राहणारे हमखास घेतात. गँगमन तर वर्षानुवर्षे तसेच करीत आले आहेत, असे ते म्हणतात. किरकोळ तपासणीची आणि हातानेच करायची काही कामे गाड्यांच्या मधल्या वेळात, पहारा ठेवून केली जातात हे खरे आहे. चावीवाला म्हणून ओळखला जाणारा कर्मचारी रोज आपल्या टप्प्यातून चालत जाऊन रुळाच्या पकडी ठोकून पाहतो, ते ब्लॉक न घेताच. पण बांधकामाचे गणित वेगळे असते.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. १२०० मीटरवर दिसलेली गाडी ४३ सेकंदांत अंगावर असते. या ४३ सेकंदांत आधी ती कुणाला तरी दिसली पाहिजे, मग शिट्टी वाजली पाहिजे, ती खडी दाबून बसवणाऱ्या टॅम्पिंग यंत्राच्या किंवा काँक्रीट मिक्सरच्या आवाजात ऐकू आली पाहिजे, मग हातातले काम सोडून, अवजारे उचलून, सगळ्यांनी ठरलेल्या एकाच बाजूला जायला हवे. रूळ उचकटलेला असेल, तर माणसे बाजूला होऊनही काही उपयोग नाही. साठ किलोच्या मापाच्या रुळाचे वजन दर मीटरला साठ किलो असते, म्हणजे तेरा मीटरचा एक तुकडा पावणेआठशे किलोंच्या वर भरतो. तो ४३ सेकंदांत कुणी जागेवर बसवू शकत नाही.

दुहेरी मार्गावर आणखी एक सापळा असतो. एका रुळावरच्या गाडीला वाट देण्यासाठी माणसे दुसऱ्या रुळावर सरकतात आणि नेमकी तिथेच काहीतरी येते. येणारी गाडी नेहमी अपेक्षित दिशेने येईल असेही नसते आणि ती प्रवासी गाडी असेल असेही नसते. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ चार ट्रॅकमनचा मृत्यू झाला, तो विजेच्या तारांच्या देखभालीसाठी वापरल्या जाणाऱ्या टॉवर वॅगनखाली सापडून. म्हणजे काम करणाऱ्यांच्याच वाहनाखाली. गाडी जवळ येताच कर्मचाऱ्याच्या अंगावरील उपकरणातून इशारा देणारी ‘रक्षक’ नावाची रेडिओ यंत्रणा आता रेल्वेने आणली आहे. ती हवीच. पण शिट्टीप्रमाणेच ती दुसरी फळी आहे. पहिली फळी ताब्याचीच.

तारा बंद केल्या, तरी त्यांना जमिनीशी का जोडतात

विद्युतीकरण झालेल्या मार्गावर रुळांच्या वर साडेपाच मीटरच्या आसपास २५,००० व्होल्टची तार असते. घरातला दाब २३० व्होल्टचा. म्हणजे हा त्याच्या शंभरपटीहून अधिक. एवढ्या दाबाच्या तारेला स्पर्श करण्याचीही गरज नसते, पुरेसे जवळ गेले तरी वीज हवेतून उडी घेते. म्हणून चालू तारेपासून दोन मीटरच्या आत काम करायचे असेल, तर वीज बंद करून घेणे, म्हणजे पॉवर ब्लॉक, बंधनकारक असतो.

मात्र स्विच पाडला म्हणजे तार निर्जीव झाली असे समजत नाहीत. शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेतही दाब निर्माण होतो, आणि एखादे इंजिन आपल्या पेंटोग्राफने, म्हणजे छतावरच्या तारेला टेकणाऱ्या सांगाड्याने, चालू विभागातून बंद विभागात शिरताना दोन्ही विभाग क्षणभर जोडू शकते. त्यामुळे कामाच्या दोन्ही बाजूंना तार लांब दांड्यांनी जमिनीशी जोडून ठेवली जाते. चुकून वीज आलीच, तर ती माणसाकडे न जाता त्या वाटेने निघून जावी, हा उद्देश. त्यानंतर विद्युत विभागाचा अधिकृत कर्मचारी लेखी परवाना देतो आणि काम संपल्यावर तो परवाना परत घेतल्याशिवाय वीज सुरू होत नाही. डीपीचा फ्यूज पुन्हा खिशात.

शिडी, लोखंडी सळई, क्रेनचा हात आणि पाण्याचा फवारा या चार गोष्टी इथे विशेष घातक ठरतात. फलाटावर छत उभारणाऱ्या कंत्राटदाराच्या कामगारांना हे रोज नव्याने सांगावे लागते, कारण त्यांचा हात रुळाच्या जवळ नसला तरी तारेच्या जवळ असू शकतो.

नवा रूळ तर शेजारी टाकतात, मग चालू गाड्यांना त्रास कशाचा

दुहेरीकरणात नवा मार्ग जुन्याच्या शेजारून, साधारणपणे दोन्ही मार्गांच्या मध्यरेषांत ५.३ मीटर अंतर ठेवून टाकला जातो. ऐकायला हे अंतर ऐसपैस वाटते. पण डबा रुळांच्या मध्यापासून प्रत्येक बाजूला सुमारे १.६ मीटर बाहेर येतो आणि वेगाने जाताना हलतोही. उरलेल्या जागेत जेसीबी, डंपर, खडीचे ढीग आणि माणसे असतात. जेसीबीचा चालक पुढे पाहत असतो आणि त्याच्या यंत्राची शेपटी वळताना मागे चालू रुळावर जाते. म्हणून यंत्रे आणि वाहने चालू मार्गाच्या मध्यापासून सहा मीटर दूर ठेवण्याचा दंडक आहे. सहा मीटरच्या आत काम करायचे झाल्यास रेल्वेचा अधिकृत कर्मचारी तिथे हजर असावा लागतो, आणि साडेतीन मीटरच्या आत ब्लॉकशिवाय येता येत नाही. जमिनीवर चुन्याची रेघ आणि तिच्यावर उभे केलेले बांबूचे किंवा जाळीचे कुंपण दिसते, ते याच हिशेबाने घातलेले असते.

कमी दिसणारे दोन धोके मला अधिक गंभीर वाटतात. पहिला मातीचा. जुन्या भरावाला लागून नवा भराव घालायचा, तर जुन्याचा उतार पायऱ्या-पायऱ्यांनी कापावा लागतो. आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. कापलेला उतार उघडा राहिला आणि वळवाचा एक जोरदार पाऊस पडला, तर वरच्या चालू रुळाखालची माती सरकू शकते. पंचगंगेच्या काठाने जाणाऱ्या मार्गाला तर पुराचाही विचार करावा लागतो. २०१९ च्या महापुरात हे सगळ्यांनी अनुभवले आहे. त्यामुळे असा खोदकामाचा टप्पा पावसाळ्यापूर्वी पूर्ण करून बंद करणे, हाही सुरक्षिततेचाच भाग ठरतो.

दुसरा धोका केबलचा. सिग्नलच्या केबल रुळांच्या कडेने जमिनीखालून जातात. जेसीबीच्या एका घासात त्या तुटतात. सिग्नल यंत्रणेची रचना अशी असते की बिघाड झाल्यास सिग्नल लाल व्हावा, त्यामुळे शक्यतो अपघात होत नाही, पण गाड्या ठप्प होतात आणि मग स्टेशन मास्तरांना हाती लिहिलेल्या परवान्यांवर गाड्या सोडाव्या लागतात. यंत्राची जागा माणसाने घेतली की चुकीची शक्यता वाढते. एक केबल तुटली एवढीच ती घटना राहत नाही.

गाड्या वरून जात असताना खालून रस्ता कसा काढतात

पावसाळ्यात परीख पुलाखाली पाणी साचले की कोल्हापूरकरांना रेल्वेखालच्या रस्त्याचे महत्त्व आणि दुखणे दोन्ही कळते. असा रस्ता नव्याने काढायचा किंवा रुंद करायचा झाल्यास दोन मुख्य पद्धती आहेत.

एका पद्धतीत काही तासांचा सलग ब्लॉक घेऊन रूळ काढतात, भराव खोदतात, आधीच तयार केलेल्या काँक्रीटच्या चौकटी क्रेनने बसवतात, माती भरून पुन्हा रूळ जोडतात. इथे सगळी भिस्त तयारीवर असते. क्रेन बंद पडली तर दुसरी उभी हवी, आणि अमुक वाजेपर्यंत खोदाई झाली नाही तर काम सोडून माती परत भरायची, ही परतीची वेळ आधीच ठरलेली हवी.

दुसऱ्या पद्धतीत रूळ काढतच नाहीत. भरावाच्या शेजारी काँक्रीटची भलीमोठी पेटी ओततात आणि मागून हायड्रॉलिक जॅक लावून ती भरावात ढकलतात. बिस्किटाच्या पुड्यात आतले कागदी खोके सरकवावे, तसे. पेटीच्या तोंडाला पोलादी धार असते. तिच्या आडोशाने थोडी माती काढायची, थोडे ढकलायचे, असा क्रम दिवसरात्र चालतो. वरच्या रुळांना जादा रुळांच्या जुड्यांनी किंवा तात्पुरत्या गर्डरनी आधार दिलेला असतो, गाड्या ताशी २०–३० किलोमीटर वेगाने जातात आणि रुळाची पातळी सतत मोजली जाते. माती धारेच्या पुढे जाऊन काढली, तर वर पोकळी तयार होते. पेटी ढकलणाऱ्यांना प्रगती दाखवायची असते आणि पातळी मोजणाऱ्याला ती रोखायची असते. या दोघांत पातळी मोजणाऱ्याचा शब्द अंतिम असला, तरच ही पद्धत सुरक्षित आहे.

सिग्नलच्या कामाला दिवसच्या दिवस का लागतात

दुहेरीकरण संपत येते तेव्हा नवा मार्ग स्थानकाच्या जुन्या रुळांना जोडायचा असतो, आणि त्याच वेळी ‘नॉन-इंटरलॉकिंगच्या कामामुळे गाड्या रद्द’ अशी बातमी येते. इंटरलॉकिंग म्हणजे सांधा आणि सिग्नल यांना एकमेकांत बांधून ठेवणारी यंत्रणा. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा हलता भाग, योग्य बाजूला बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. नवे सांधे आले की ही बांधणी सोडून नव्याने बांधावी लागते. मधल्या काळात सांधे हाताने पकडी घालून, कुलूप लावून ठेवतात आणि त्यांच्यावरून गाड्या ताशी १५ किलोमीटरच्या वर नेत नाहीत. साहजिकच नेहमीएवढ्या गाड्या त्या स्थानकातून मावत नाहीत.

नुसत्या वायरी तर बदलायच्या, असे वाटणाऱ्यांनी दोन घटना लक्षात घ्याव्यात. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमधल्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ गाड्यांची टक्कर होऊन ३५ जण मरण पावले. सिग्नलच्या नूतनीकरणात एक जुनी वायर कापून वेगळी न करता तशीच राहिली होती. ती पुन्हा जोडस्थानाला टेकली आणि पुढे गाडी उभी असतानाही सिग्नल लाल झाला नाही. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती, हे चौकशीत पुढे आले. दुसरी घटना आपल्याकडची. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला आणि सांधा मात्र मालगाडी उभी असलेल्या बाजूच्या मार्गाला लागलेला होता. २९० हून अधिक जीव गेले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत पूर्वी सिग्नलच्या विद्युत सर्किटमध्ये केलेल्या बदलातील चूक आणि फाटकाचे विद्युत अडसर बदलण्याच्या कामातील चूक, अशी कारणे नोंदवली गेली.

दोन्ही ठिकाणी रूळ शाबूत होता आणि चालकांनी सिग्नल पाळला होता. म्हणूनच सिग्नलचे काम झाल्यावर प्रत्येक सांधा, प्रत्येक सिग्नल आणि त्यांची प्रत्येक जोडी तक्त्यावरून एकेक करून तपासतात. ‘सांधा उलटा असताना सिग्नल हिरवा होतो का’ हा प्रश्न मुद्दाम विचारून, तो होत नाही हे पाहावे लागते. दिवस जातात ते यात. आणि नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला होण्याआधी त्याची पाहणी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. काम करणारा आणि काम तपासणारा एकाच हुकमाखाली असू नयेत, यासाठी ती व्यवस्था आहे.

रात्री का करत नाहीत

करतात. पुलांचे गर्डर बसवण्यासारखी कामे बहुधा रात्रीच होतात. मुंबईतला कार्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला, तेव्हा २७ तासांचा सलग ब्लॉक घेतला गेला होता. त्यात रात्री आल्याच. जपानच्या शिंकान्सेन मार्गांवर तर मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत गाड्याच नसतात आणि ती वेळ देखभालीसाठी राखलेली असते. आपल्याकडे रात्र रिकामी नसते. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या तेव्हाच धावतात. त्यात अंधार आणि झोप यांमुळे मोजमापातल्या चुका वाढतात, हे वेगळेच.

काम संपले, तरी गाडी तिथे रेंगाळते का

रुळाखालची खडी नुसती भर घालण्यासाठी नसते. स्लीपरला, म्हणजे रुळांखालच्या आडव्या आधाराला, चारही बाजूंनी घट्ट धरून ठेवणे हे तिचे काम असते. खडी उकरली, चाळली आणि परत भरली, की ही पकड काही काळ सैल राहते. नवी माती उकरलेल्या आखाड्यात पहिल्या दिवशी पाय रुतावा, तसा रूळ थोडा रुततो. टॅम्पिंग यंत्राने खडी दाबून आणि काही गाड्या सावकाश जाऊ देऊन ती बसवावी लागते, म्हणून वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात.

उन्हाळ्यात याला उष्णतेची जोड मिळते. आजचे रूळ लांबच लांब जोडलेले, मध्ये फटी नसलेले असतात. तापमान ३५ अंशांनी वाढले, तर एक किलोमीटर मोकळा रूळ सुमारे ४० सेंटिमीटरने लांब होईल. खडी आणि स्लीपर त्याला तसे होऊ देत नाहीत, त्यामुळे तो ताण पोलादात साठून राहतो. अशा वेळी भर दुपारी खडी उकरली, तर साठलेला ताण रुळाला बाजूला वाकवून मोकळा होऊ शकतो. म्हणून रुळाचे तापमान मोजूनच अशी कामे हाती घेतात आणि उन्हाळ्यात ती बहुधा सकाळी लवकर आटोपतात.

वेग कमी करण्याची सूचना चालकाला आधीच्या स्थानकावर लेखी मिळते. तिला कॉशन ऑर्डर म्हणतात. त्याशिवाय जागेच्या १२०० मीटर आधी पिवळा फलक, सुरुवातीला वेगाचा आकडा आणि शेवटी निर्बंध संपल्याचा फलक असतो. हा शेवटचा फलक प्रवासी गाडीसाठी एका ठिकाणी आणि मालगाडीसाठी आणखी पुढे लावतात, कारण मालगाडी लांब असते आणि तिचा शेवटचा डबाही सैल खडीवरून बाहेर पडल्यावरच इंजिनाने वेग घ्यायचा असतो. खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशाला कामगार मागे पडून दोन-तीन मिनिटे झाली तरी गाडी रांगतच आहे असे वाटते, तेव्हा गाडीची शेपटी बहुधा अजून त्या टप्प्यातच असते.